कार चाकणची, गाव लातूरचं; मधल्या रस्त्यात चार्जिंग कुठे करायचं?

दिवाळीला दोन दिवस उरलेत. मोशी, चिखली, चाकणच्या सोसायट्यांमधून गाड्या बाहेर पडायला लागल्यात. कुणी लातूरला निघालंय, कुणी जळगावला, कुणी थेट नागपूरला. या पट्ट्यातली निम्मी घरं कामासाठी इथे आलेली, त्यामुळे सणाला गावी जाणं हे ठरलेलंच. पण यंदा पार्किंगमधल्या काही गाड्यांना हिरवी नंबर प्लेट आहे, आणि घरात एकच प्रश्न फिरतोय: "आई बरोबर आहे, पोरं आहेत. रस्त्यात चार्जिंग संपलं तर?"

गंमत बघा. इलेक्ट्रिक गाड्यांचा हा आपला स्वतःचा पट्टा आहे. महिंद्राच्या बीई 6 आणि एक्सईव्ही 9ई चाकणच्या कारखान्यात तयार होतात. मर्सिडीजने 2022 मध्ये ईक्यूएस ही इलेक्ट्रिक कार चाकणलाच जोडून विकायला सुरुवात केली. टाटांची हॅरियर ईव्ही पिंपरीतून निघते, बजाजची चेतक आकुर्डीतून. तरीही गाडी घ्यायची वेळ आली की इथलाच माणूस म्हणतो, "गावात फिरायला ठीक आहे, लांब जायला नको."

ही भीती खरी आहे का? थोडी आहे. पण चार-पाच गोष्टी नीट समजल्या, तर ती बरीच कमी होते. त्याच आज सोप्या भाषेत बघू.

आधी स्लो आणि फास्टमधला फरक

घरच्या किंवा सोसायटीच्या चार्जरमधून गाडीला एसी वीज मिळते. बॅटरीला मात्र डीसी लागते. त्यामुळे गाडीतलं एक छोटं यंत्र एसीचं डीसी करतं. हे यंत्र गाडीत बसेल एवढंच असल्यामुळे त्याची ताकद मर्यादित असते, साधारण 3.3 किंवा 7.2 किलोवॅट. काही महागड्या गाड्यांत 11.

फास्ट चार्जरमध्ये हे काम बाहेरच्या कपाटाएवढ्या मशीनमध्ये होतं आणि डीसी वीज थेट बॅटरीत जाते. म्हणून ते 30, 60, 120 किंवा 180 किलोवॅटनेही वीज देऊ शकतं.

हिशोब सोपा आहे. 45 युनिटची बॅटरी 10 टक्क्यांवरून 80 टक्क्यांवर न्यायची, तर साधारण 31 ते 32 युनिट लागतात. 7.2 किलोवॅटच्या एसी चार्जरवर त्याला साडेचार-पाच तास. 30 किलोवॅटच्या डीसीवर तासाच्या थोडं वर. 60 किलोवॅटवर, गाडीची तेवढी क्षमता असेल तर, 40 मिनिटांच्या आसपास.

म्हणून ॲपमध्ये 'चार्जर आहे' एवढं बघून भागत नाही. तो एसी आहे की डीसी, हे आधी बघायचं. चहाला थांबायचं की मुक्कामाला, हे त्यावर ठरतं.

प्लग कोणता?

भारतात आज विकल्या जाणाऱ्या जवळपास सगळ्या इलेक्ट्रिक कारना डीसीसाठी सीसीएस 2 आणि एसीसाठी टाइप 2 हा प्लग चालतो. सीसीएस 2 म्हणजे वर टाइप 2 चा गोल भाग आणि खाली दोन जाड पिना. ॲपमध्ये फिल्टर लावताना 'सीसीएस 2' निवडा, अर्धा गोंधळ तिथेच संपतो.

मग बाकीचे काय? सुरुवातीच्या काळात सरकारने 'भारत डीसी 001' नावाचा 15 किलोवॅटचा प्रकार आणला होता. त्याचा प्लग वेगळा, जीबी/टी पद्धतीचा. असे जुने चार्जर काही नकाशांवर अजून दिसतात. तुमच्या गाडीला ते लागणार नाहीत. तसंच इलेक्ट्रिक स्कूटरचे 'फास्ट चार्जर'ही नकाशावर असतात. तेही कारला चालत नाहीत.

चार्जरवर 60 लिहिलंय, मग गाडीत 28च का जातंय?

हा प्रश्न रस्त्यावर हमखास पडतो. त्याची चार कारणं असतात.

पहिलं, वाटणी. अनेक 60 किलोवॅटच्या चार्जरना दोन गन असतात. शेजारी दुसरी गाडी लागली, की 60 चे 30-30 होतात.

दुसरं, तुमच्या गाडीची मर्यादा. गाडी 50 किलोवॅटच घेऊ शकत असेल, तर 180 च्या चार्जरवर लावूनही 50च मिळणार. नळ कितीही मोठा असला तरी हंड्याचं तोंड महत्त्वाचं.

तिसरं, बॅटरी किती भरली आहे. रिकामी बॅटरी पटापट वीज घेते, 80 टक्क्यांनंतर वेग झपाट्याने उतरतो. शेवटच्या 20 टक्क्यांना कधीकधी आधीच्या 50 टक्क्यांएवढा वेळ जातो. म्हणून प्रवासात 80 ला गन काढून पुढे निघणं शहाणपणाचं. तुमचाही वेळ वाचतो आणि मागे उभ्या असलेल्याचाही.

चौथं, तापमान. मे महिन्यात दोन तास जोरात गाडी चालवून आलात, तर गरम बॅटरी जपण्यासाठी गाडी स्वतःच वेग कमी करते.

कंपनी म्हणते 489 किलोमीटर. खरे किती?

पिंपरी-चिंचवडकराला एमआयडीसी म्हटलं की भोसरी आठवते. पण गाडीच्या जाहिरातीत एमआयडीसी म्हणजे 'मॉडिफाइड इंडियन ड्रायव्हिंग सायकल', अर्थात रेंज मोजायची ठरलेली चाचणी. ही चाचणी घेणाऱ्या संस्थांपैकी एक, एआरएआय, आपल्या पुण्यातच आहे आणि तिचं एक केंद्र चाकणलाही आहे.

या चाचणीत गाडीचा वेग बराच वेळ शहरासारखा असतो आणि जास्तीत जास्त 90 पर्यंत जातो. एक्स्प्रेसवेवर तुम्ही 100 ने जाता, एसी चालू असतो, चार माणसं आणि फराळाचे डबे असतात. हवेचा विरोध वेगाच्या वर्गाने वाढतो, त्यामुळे 80 वरून 100 वर गेलात की वीज लक्षात येईल एवढी जास्त लागते.

उदाहरण घ्या. 45 युनिटच्या नेक्सॉन ईव्हीची चाचणीतली रेंज 489 किलोमीटर आहे. पण टाटा मोटर्सच प्रत्यक्ष वापरातली रेंज 350 ते 375 सांगते. महामार्गावर घाईने चालवलीत तर तीही 300 च्या खाली येऊ शकते.

म्हणून नियम एकच: नियोजन करताना जाहिरातीतला आकडा विसरा. तुमची गाडी महामार्गावर एका युनिटला किती किलोमीटर देते, हे स्क्रीनवर दिसतं. तो आकडा लक्षात ठेवा. मध्यम आकाराच्या कारसाठी 6 ते 7 हा सुरक्षित अंदाज आहे.

घाटाचं गणित

आपल्याकडून कोकणात किंवा मुंबईला जायचं म्हणजे घाट आलाच. खोपोली ते लोणावळा उंचीचा फरक साधारण साडेपाचशे मीटर. माणसं आणि सामान धरून 1,800 किलोची गाडी एवढी वर न्यायला जवळपास पावणेतीन युनिट ऊर्जा लागते. मोटरमधला अपव्यय धरला तर तीन. म्हणजे बोरघाट चढताना तुमची सुमारे 20 किलोमीटरची रेंज जास्तीची जाते. मुंबईहून परत येताना खोपोलीला 8 टक्के उरले असतील आणि स्क्रीन 'अजून 25 किलोमीटर' म्हणत असेल, तर त्यावर विसंबून घाट चढू नका.

उलट उतरताना गाडीची मोटर ब्रेकचं काम करते आणि त्यातली बरीचशी वीज बॅटरीत परत येते. फक्त एक लक्षात ठेवा. लोणावळ्याच्या हॉटेलात 100 टक्के भरून लगेच घाट उतरलात, तर ती वीज ठेवायला बॅटरीत जागाच नसते. अशा वेळी मोटरचा ब्रेक कमी लागतो आणि सवय नसलेला माणूस दचकतो.

मग चार्जर शोधायचा कुठे?

भारतात एकच असं ॲप नाही ज्यात सगळे चार्जर नीट दिसतात. ही खरी डोकेदुखी आहे. त्यामुळे तीन थरांत शोधा.

पहिला थर: सगळ्यांचे नकाशे. गुगल मॅप्समध्ये 'ईव्ही चार्जिंग' शोधा. प्लगशेअर हे ॲप चालकांनी दिलेल्या माहितीवर चालतं. केंद्र सरकारच्या ऊर्जा दक्षता ब्युरोचं 'ईव्ही यात्रा' हे पोर्टल आणि ॲप 14 डिसेंबर 2022 ला सुरू झालं. मार्गावर साधारण कुठे काय आहे, हे इथे कळतं.

दुसरा थर: चार्जर चालवणाऱ्या कंपन्यांची ॲप. टाटा पॉवर ईझी चार्ज, जिओ-बीपी पल्स, चार्जझोन, स्टॅटिक, तेल कंपन्यांची ॲप वगैरे. महावितरणच्या स्वतःच्या चार्जिंग स्टेशनसाठी 'पॉवरअप' ॲप आहे. चार्जर आत्ता रिकामा आहे, वापरात आहे की बंद, हे बहुधा इथेच खरं कळतं. पैसेही इथूनच भरायचे असतात.

तिसरा थर: माणूस. पंपावर किंवा हॉटेलवर फोन करून विचारा, "दादा, गाडीचा चार्जर चालू आहे का? आज कुणी लावला होता का?" हा एक फोन तीन ॲपपेक्षा भारी ठरतो.

नोंद वाचताना या गोष्टी बघा:

- शेवटचा शेरा किंवा चेक-इन कधीचा आहे? मागच्या आठवड्यातला असेल तर उत्तम. आठ महिन्यांपूर्वीचा असेल तर तो चार्जर नाही असंच धरा.
- किती किलोवॅट आणि किती गन? एक गन म्हणजे एक बिघाड आणि खेळ खल्लास.
- 24 तास उघडा आहे का? शोरूममधला चार्जर रात्री गेटच्या आत अडकलेला असतो.
- रस्त्याच्या कोणत्या बाजूला आहे? एक्स्प्रेसवेवर मुंबईकडे जाताना पलीकडच्या फूड मॉलचा चार्जर नकाशावर 200 मीटरवर दिसतो, पण मध्ये दुभाजक असतो.

मोशी ते लातूर: एक हिशोब

आता हे सगळं एका प्रवासात बसवू. गाडी 45 युनिटची, निघताना 100 टक्के. अंतर सोलापूर महामार्गाने, टेंभुर्णी-बार्शीमार्गे सुमारे 350 किलोमीटर. युनिटला 6.5 किलोमीटर धरू.

लागणारी वीज: 350 भागिले 6.5, म्हणजे 54 युनिट. पोहोचल्यावर 20 टक्के, म्हणजे 9 युनिट हाताशी हवेत. एकूण 63. जवळ आहेत 45. रस्त्यात घ्यायचे फक्त 18 युनिट.

एवढ्याशा 18 युनिटसाठी आपण रात्रभर काळजी करतो! 60 किलोवॅटच्या चार्जरवर सरासरी 40 ने वीज मिळाली, तर 27 मिनिटं. वाटणी होऊन 30 मिळाली, तर 36 मिनिटं. जेवायला एवढा वेळ जातोच.

थांबायचं कुठे? इंदापूरला, म्हणजे साधारण 160 किलोमीटरवर, बॅटरीत 45 टक्के उरतील. टेंभुर्णीला, साधारण 190 वर, 35 टक्के. मनात टेंभुर्णी असेल, तरी पहिला प्रयत्न इंदापूरला करा. कारण तिथला चार्जर बंद निघाला, तर पुढे टेंभुर्णी आहे. तिथेही नाही जमलं, तरी 35 टक्क्यांत सुमारे 100 किलोमीटर जाता येतं, म्हणजे बार्शी किंवा सोलापूर आवाक्यात असतं.

सगळ्या लेखातला हा सर्वांत महत्त्वाचा मुद्दा आहे. चार्जर असा निवडा, की तो बंद निघाला तरी पुढच्या दुसऱ्या चार्जरपर्यंत गाडी पोहोचेल. 10 टक्के उरल्यावर शोधाशोध सुरू केली, की निवड तुमच्या हातात राहत नाही.

गावी पोहोचल्यावर काय? घरातल्या 15-16 अँपिअरच्या सॉकेटवर, म्हणजे गिझर किंवा एसीच्या मोठ्या सॉकेटवर, गाडीसोबत आलेला पोर्टेबल चार्जर चालतो. दहा तासांत 25 ते 30 युनिट भरतात. पण आधी अर्थिंग तपासून घ्या. अर्थिंग नीट नसेल तर चार्जर लाल दिवा दाखवून थांबतो. दिवाळीच्या आदल्या दिवशी वायरमन मिळत नाही, त्यामुळे गावी फोन करून हे काम आठवडाभर आधी करून घ्या. आणि साध्या एक्स्टेंशन बोर्डवर गाडी लावू नका, तो वितळतो.

आपल्या पट्ट्यातल्या काही खास गोष्टी

गुरुवार. पिंपरी-चिंचवडच्या औद्योगिक पट्ट्यात गुरुवारी सुट्टी असते आणि महावितरणची देखभालीची कामंही बहुतेक गुरुवारीच निघतात. वीज नाही तर सार्वजनिक चार्जरही बंद. गुरुवारी निघायचं असेल तर गाडी बुधवारी रात्रीच भरून ठेवा.

चाकणचा चौक. नाशिक महामार्गावर शिफ्ट सुटायच्या वेळी तळेगाव चौकात तास जातो. पेट्रोल गाडी अशा वेळी इंधन जाळत राहते. इलेक्ट्रिक गाडी उभी असताना फक्त एसी आणि स्क्रीनपुरती वीज घेते, तासाला साधारण एक-दोन युनिट. त्यामुळे कोंडीला घाबरू नका, त्यात बॅटरी संपत नाही.

शनिवारची सकाळ. एक्स्प्रेसवेवर सगळे लोणावळ्याला निघतात आणि फूड मॉलच्या चार्जरवर रांग लागते. जमलं तर घरूनच पूर्ण भरून निघा. मुंबईपर्यंत थांबायची गरजही पडणार नाही.

चार्जरसमोर उभे आहात आणि चालू होत नाही?

आधी लाल इमर्जन्सी बटण बघा. बरेचदा कुणीतरी ते गमतीने दाबून गेलेलं असतं. स्क्रीनवर तसा संदेश दिसतो. ग्राहक सेवेला फोन लावा. त्यांनी सांगितलं की बटण फिरवून मोकळं करता येतं. दुसरं म्हणजे ही मंडळी कार्यालयात बसून चार्जर बंद-चालू करू शकतात, तसं करायला सांगा. तिसरं, गन घट्ट बसली आहे का बघा. जड केबल खाली ओढली जाते, ती क्षणभर हाताने उचलून धरली की काम होतं.

ॲप डाउनलोड करणं, मोबाइल नंबर नोंदवणं, वॉलेटमध्ये तीन-चारशे रुपये टाकणं ही कामं घरीच उरका. माळरानावर नेटवर्क नसताना ओटीपीची वाट बघण्यासारखा ताप नाही.

आणि गाडी खरोखर बंद पडलीच तर दोरी बांधून ओढू नका. चाकं फिरली की मोटरही फिरते आणि नुकसान होऊ शकतं. गाडी पूर्ण उचलून नेणारा ट्रकच मागवा. राष्ट्रीय महामार्गावर मदतीसाठी 1033 हा नंबर आहे.

खर्च किती?

घरच्या विजेपेक्षा रस्त्यावरची फास्ट वीज महाग असते. दर कंपनी, जागा आणि वेळेप्रमाणे बदलतो, आणि त्यावर 18 टक्के जीएसटी लागतो. समजा दर युनिटला 20 रुपये आहे. मग 18 युनिटचे 360 आणि कर धरून 425 रुपये. ॲपमधला दर कर धरून आहे की सोडून, हे मात्र बघून घ्या.

टोलचंही सांगायला हवं. राज्याच्या 2025 च्या ईव्ही धोरणानुसार 22 ऑगस्ट 2025 पासून मुंबई-पुणे एक्स्प्रेसवे, समृद्धी महामार्ग आणि अटल सेतूवर इलेक्ट्रिक कारना टोलमाफी जाहीर झाली. पण नाशिक किंवा सोलापूर महामार्गावरही टोल लागणार नाही, असं धरून चालू नका. फास्टॅग गाडीच्या बरोबर नंबरशी जोडलेला आहे ना, हे तपासा आणि प्रवासानंतर पैसे कापले गेलेत का, तेही बघा.

सरकार काय म्हणतं, रस्ता काय सांगतो?

केंद्राने 2018 मध्येच सांगितलं की चार्जिंग स्टेशन चालवायला वेगळा परवाना लागत नाही. महामार्गावर दोन्ही बाजूंना दर 25 किलोमीटरवर एक स्टेशन असावं, असंही त्याच नियमावलीत होतं. डिसेंबर 2024 पर्यंत देशात 25,202 सार्वजनिक चार्जिंग स्टेशन झाली, त्यातली 3,728 महाराष्ट्रात. कर्नाटकानंतर आपला दुसरा नंबर. पीएम ई-ड्राइव्ह योजनेत चार्जिंगसाठी 2,000 कोटी रुपये ठेवलेत आणि त्यात कारसाठी 22,100 फास्ट चार्जरचं लक्ष्य आहे.

आकडे वाढतायत. पण आकडा मोजताना चार्जर बसवला की नोंद होते. तो दिवाळीच्या रात्री अकरा वाजता चालू होता का, याची नोंद त्यात होत नाही. ती नोंद चालक ठेवतात. म्हणून चार्जिंग झाल्यावर ॲपमध्ये दोन ओळी जरूर लिहा: चालू होता, इतके किलोवॅट मिळाले, बाजूला स्वच्छतागृह आहे. बंद असेल तर तेही लिहा. तुमच्या मागे कुणीतरी आईला घेऊन त्याच रस्त्याने येत असतं, आणि त्याचा पुढचा थांबा तुमच्या त्या दोन ओळींवर ठरतो.